शहाण्णव टक्के हजर

कागद अर्धा बाहेर आला आणि झेरॉक्सचं मशीन अडकलं. दिवसातून चारदा तरी अडकतं ते, त्याचं काही नाही. बाजूचं झाकण उघडायचं, हिरवा खटका खाली दाबायचा आणि कागद दोन्ही हातांनी सारखा ओढायचा. एका हाताने ओढला की फाटतो. पण आज त्या अर्ध्या कागदावर माझ्या मुलीचं नाव होतं. शिवकन्या, वय सव्वीस, गरोदर, आठवडे अठ्ठावीस. त्याखाली रक्ताच्या तपासणीचं लांबलचक नाव, आणि निकाल मशीनच्या पोटात. काउंटरपलीकडे मेडिकल कॉलेजच्या दोन मुली जर्नल घेऊन उभ्या होत्या. एक म्हणाली, "काकू, आमचं आधी करता का, लेक्चर आहे." मी म्हटलं, "बाई, मशीनच अडकलंय, आता तुमचं काय न् माझं काय." हात नेहमीचे असतात, पण त्या दिवशी बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. कागद निघाला. शहाण्णव टक्के. शेजारी कंसात, ऐंशी ते एकशेवीस असावं. त्याच्या पुढे ठळक अक्षरात नॉर्मल.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई, जावई सोमेशच्या आई रुद्रम्मा, उमरग्याहून. "व्हय ओ, सोमेशनं मोबाईलवर दाखवला की मला. शहाण्णव टक्के म्हणं. त्याला दहावीला बी एवढे पडले नव्हते." त्या हसल्या, मीही हसले. "आता त्या पोटात सुया टोचायचं रद्द ना?" डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं. या तपासणीतलं प्रथिन कमी निघालं तर बाळंतपणापर्यंत आणि नंतर सहा आठवडे रोज पोटात इंजेक्शन. नॉर्मल निघालं तर काही नाही. "रद्दच म्हणायचं," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी पेढे आणाया लावते." मग मी मुलींचं जर्नल लावलं. पंचवीस पानं, दोन प्रती. ते पन्नास कागद निघेपर्यंत मी सुखी होते. एकसारखा आवाज, गरम कागदाचा वास, आणि डाव्या पायातलं माझं जुनं दुखणंसुद्धा त्या दिवशी कुठं बाहेर गेल्यासारखं.

एकावन्नावा कागद माझाच होता, रिपोर्टची दुसरी प्रत, फायलीला लावायला. ती हातात घेतली तेव्हा तपासणीच्या नावाच्या शेपटीला बारीक अक्षरात लिहिलेला एक शब्द दिसला. अँटिजेन. तो शब्द मी आधी पाहिला होता.

माझी शाळा सातवीपर्यंत, परंड्याकडे, सोनारीजवळच्या आमच्या गावात. बाकीचं सगळं या मशीनवर झालं. धाराशिवात दुकान टाकलं तेव्हा कोर्टाचे कागद यायचे, फेरफार, वारसनोंदी, भावाभावांची भांडणं. मेडिकल कॉलेज सुरू झालं तशी कागदांची जात बदलली. मुलींच्या नोट्स, पुस्तकांतली पानं, आकृत्या. तिरकी निघालेली, शाई कमी पडलेली प्रत गिऱ्हाइकाला देता येत नाही, ती मी ठेवून घेते आणि दुपारी वाचते. एखादा शब्द अडला की मुलींना विचारते, त्या सांगतात, कधी त्यांनाच येत नाही. त्यामुळे माझं ज्ञान थोडं तिरकं आहे, आणि काही ठिकाणी त्याचा डावा समास कापला गेलेला आहे. अशाच एका पानावर मला अँटिथ्रॉम्बिन भेटलं. वाचताना मधेच थांबून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, एवढं आठवतं. आई आणि बहीण कशाने गेल्या त्याचं नाव ते असू शकतं, असं तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पानालाही ते माहीत नव्हतं. शिवकन्या माहेरी आली तेव्हा आई-बहिणीचं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, म्हणून त्यांनी ही तपासणी लिहून दिली.

रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन असतं. जखम झाली की धावून येतं, ते हवंच. पण त्याला थांबणं ठाऊक नसतं. त्याला थांबवायला यकृत हे दुसरं, अँटिथ्रॉम्बिन, घडवतं. चारशे बत्तीस मण्यांची एक माळ, स्वतःभोवती गुंडाळून तिचं गाठोडं झालेलं, आणि गाठोड्यातून एक फास बाहेर काढून ठेवलेला. थ्रॉम्बिनला तो फास खाद्य वाटतो. ते येऊन चावतं. चावल्याबरोबर तुटलेला फास उसळी घेऊन गाठोड्याच्या आत शिरतो, तिथं पाच पट्ट्या शेजारी शेजारी असतात, त्यांच्यात सहावी होऊन बसतो, आणि दातांत फास धरलेल्या थ्रॉम्बिनला ओढत थेट दुसऱ्या टोकाला नेऊन आपटतो. थ्रॉम्बिन वाकडंतिकडं होऊन पडतं. गाठोडंही संपतं, ते पुन्हा फास लावत नाही. एकाला एक. मुली म्हणाल्या, याला आत्मघाती म्हणतात. मला ते नाव पटलं नाही. ते मरायला आलेलं नसतं, कामावर आलेलं असतं. ती आकृती मी काउंटरच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरशेजारी चिकटवली. गिऱ्हाईक विचारतं, काकू हे काय, मी म्हणते उंदराचा सापळा.

तर त्या पानांमध्ये एक तक्ता होता. एका रकान्यावर अँटिजेन, दुसऱ्यावर काम. पहिला रकाना सांगतो रक्तात ही गाठोडी किती आहेत. दुसरा सांगतो ती थ्रॉम्बिनला पकडतात का. काही घराण्यांत पहिला रकाना भरलेला आणि दुसरा अर्धा रिकामा असतो. चारशे बत्तीसांतला एक मणी बदललेला, म्हणून फास ताठ, चावलं तरी उसळत नाही. हे मला एका वाचनात समजलं, त्यात माझी हुशारी नाही. मी रोजगार हमीच्या कामावर मस्टर लिहिलेलं आहे. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं, मुकादम धनाजी, त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून हजेरी माझ्याकडे. मी नावं पुकारायची, 'हजर' आलं की खूण करायची. साठ नावं, साठ खुणा. त्यांतली निम्मी माणसं हजर म्हणून बाभळीखाली बसायची, टोपलं शेजारी उपडं. एक दिवस मोजमापाला साहेब आले. मी मस्टर पुढं केलं, माझं अक्षर चांगलं आहे याचा मला अभिमान होता. त्यांनी ते उघडलंही नाही. पँट वर खोचून टेप घेऊन खड्ड्यात उतरले, आणि खालूनच म्हणाले, "बाई, कागदावर साठ आहेत, खड्डा तिसांचा आहे." मी तो खड्डा आयुष्यात विसरले नाही. आता हातात माझ्या मुलीचं मस्टर होतं. शहाण्णव टक्के हजर. खड्ड्यात कुणी उतरलंच नव्हतं.

दुकानामागेच घर. शिवकन्याला माहेरी आणून महिना झाला होता. दुपारी ती भाकरी मोडत होती तेव्हा मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"मोजलंय किती ते," मी म्हटलं. "काम करत्यात का ते बघितलेलं न्हाई."

"आई, नॉर्मल लिहिलंय तिथं. मोठ्या अक्षरात."

"लिहिलंय."

"आणि तुझ्या वाकड्या कागदावर दुसरं लिहिलंय व्हय?"

"व्हय."

तिने भाकरी खाली ठेवली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रागावली तरी आवाज वर्गातला राहतो. "खरं सांगू का आई, तुला रिपोर्ट वाईटच पाहिजे होता."

ताटातलं वरण थंड होत होतं आणि त्याच्यावर साय धरत होती. कसलीही साय, कसलंही धरणं मला अलीकडे बघवत नाही. तिचं म्हणणं मी आत नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. मला वाईट रिपोर्ट हवा होता का? रक्तात दोष निघाला तर अयोध्या रक्ताने गेली असं म्हणता येईल. नाही निघाला तर ती कशाने गेली, याचं एकच उत्तर उरतं, आणि ते उत्तर या घरात भाकऱ्या थापतं, मशीन चालवतं.

अयोध्या माझी धाकटी बहीण, शिवकन्याची जन्मदाती. शिवकन्याला हे लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त पाण्याचं. आमची आई, दगडाबाई, अयोध्याच्या वेळी बाळंत झाली आणि नवव्या दिवशी गेली. मी पाच वर्षांची. आईचा एक पाय भोपळ्यासारखा पांढरा आणि सुजलेला, एवढंच डोळ्यांत आहे. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पाचव्या दिवशी उठली, माठातलं पाणी प्याली, बाळंतवात झाला. पुढे माझा मुलगा उत्कर्ष झाला तेव्हा मला निजवायला आई नव्हती, सासू नव्हती. बाराव्या दिवशी मी मस्टर घेऊन तलावावर. माझाही डावा पाय सुजला, तो आजवर उजव्यापेक्षा जाड आहे, चप्पल एकाच पायात घट्ट होते. बायका म्हणाल्या, उठलीस ना, भोग. मी दोन आणि दोन चार केले. सगळा पुरावा एकाच बाजूला होता. म्हणून अयोध्याचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं, हिला उठू द्यायचं नाही. जे मला कुणी दिलं नाही ते सगळं हिला द्यायचं. बाज घातली, खाली शेगडी, शेपाची धुरी, पोट करकचून बांधलं, कानाला फडकं. पाणी दिवसाला दोन पेले, तेही ओवा घालून उकळलेलं. कडक उन्हाळा, परंड्याकडची एप्रिलची हवा, आणि खाली निखारे. ती म्हणायची, "आक्का, घोटभर दे की." मी म्हणायची, "कळ काढ, पोट सुटंल." ती हसून म्हणायची, "सुटू दे, कोण बघतंय." तिचे ओठ सालपटासारखे झाले होते, मी त्यांना तूप लावलं. अकराव्या दिवशी म्हणाली पोटरी दुखती. मी पट्टी आणखी आवळली आणि शेक वाढवला. बाराव्या दिवशी बारशाला पाळण्याजवळ बसायला म्हणून मी स्वतः तिला उठवलं. ती दोन पावलं चालली, माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "आक्का, दम लागतोय गं." आणि खाली बसली. हातातून पदर सुटावा तसं. पायात धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाते, हे मी सव्वीस वर्षांनी एका पुसट पानावर वाचलं. पडून राहणं, पाणी न पिणं, बाळंतपण, तिन्ही गोष्टी त्या पानावर ओळीने दिल्या होत्या. जणू कुणीतरी माझी बाज बघूनच लिहिलं होतं. अयोध्याच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, मूल माझ्याकडे राहिलं. नाव मीच ठेवलं. ती गेली त्या दिवशी पाळणा रिकामा नव्हता, एवढंच.

म्हणजे रक्तात दोष निघाला तरी मी सुटत नव्हते. तसं रक्त होतं म्हणूनच ती बाज जास्त वाईट. दोन्हीकडून खड्डा तेवढाच. हे नीट कळलं तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. रिपोर्ट काहीही आला तरी माझा त्यात फायदा नाही, तर मग मी निवांत खरं काय ते शोधू शकते. मी शिवकन्याला म्हटलं, "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. तू नको म्हणालीस तरी मी रिक्षा सांगणार."

"आणि डॉक्टर हसल्या तर?"

"हसू देत. मला झेरॉक्सवाली म्हणून लोक रोजच हसत्यात."

डॉक्टरीणबाई वयाने शिवकन्याएवढ्याच. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काकू, चांगला आहे की. आता कशाला काळजी?" मी पिशवीतून ते पान काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते सरळ करायचा प्रयत्न केला, पण ते छापलंच तिरकं होतं. "हे कुठून आणलं?" मी म्हटलं, "तुमच्या कॉलेजच्या मुलींचं. शाई कमी आहे, पण तक्ता दिसतो. मॅडम, मी अडाणी आहे, चुकले तर सांगा. मस्टरवर माणसं पुरी आहेत, पण ती खोदत्यात का ते कुणी बघितलंय का?" शिवकन्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिली. ओळख नसल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा घेतला. ती शेपटी वाचली. मग फायलीत मागे गेल्या, स्वतःच्याच अक्षराजवळ थांबल्या. पंखा एक आवाज करत होता, दर फेरीला एक. "मी नुसतं अँटिथ्रॉम्बिन लिहिलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे जी तपासणी होती ती त्यांनी केली. पुढचा शब्द मी लिहायला हवा होता." एवढी सरळ कबुली मी कोर्टाच्या कागदांतही कधी वाचली नव्हती. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. मी बाही वर केली. "आधी माझं घ्या. माझ्या पायात एकदा धरलं होतं. माझ्यात निघालं तर ते घराण्यातलं आहे असं समजंल." साडी थोडी वर करून मी पाय दाखवला. शिवकन्याने तो पाय रोज बघितलेला, पण त्या दिवशी ती खाली वाकून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनेही हात पुढे केला.

दोन्ही नळ्या बर्फात घालून पुण्याला गेल्या. सहा दिवस. त्या सहा दिवसांत रुद्रम्माचे पेढे येऊन संपले. सातव्या दिवशी मशीन अडकलं नाही. माझं काम एकावन्न टक्के, शिवकन्याचं एकोणपन्नास. तिने दोन्ही कागद शेजारी धरले. मग म्हणाली, "दोन टक्क्यांनी पुढं गेलीस की आई."

"अनुभव आहे," मी म्हटलं.

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच, आणि मी तिला धरून ठेवलं. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. वाटलं ते वेगळंच. कंबरेला पदर खोचल्यासारखं. आता काम दिसत होतं.

पोटात टोचायचं औषध स्वतः काही करत नाही, हेही मी वाचलं होतं. ते कामाच्या गाठोड्यांचा दंड धरतं आणि त्यांचा हात हजारपट चालवतं. म्हणजे मुकादमच. शिवकन्याच्या रक्तात खरे मजूर निम्मेच, म्हणून मुकादम जास्त लागला. डॉक्टरीणबाईंनी मापून मापून डोस वाढवला. तिने पहिल्या दिवशी मला टोचू दिलं, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तू फार वेळ लावतेस, दे इकडं," आणि पुढे रोज स्वतःच टोचून घेत राहिली, सकाळच्या बातम्या ऐकत. बाळंतपण सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात ठरलं. इंजेक्शन एक दिवस थांबवायचं, आणि त्या दिवसापुरती दुसऱ्यांच्या रक्तातून वेचलेली अँटिथ्रॉम्बिनची पांढरी पूड पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची. कुणाकुणाची ती गाठोडी, नाव ना गाव. बाहेरगावाहून आणलेली टोळी. ती थेंबथेंब उतरताना मी बाटलीकडे बघून मनातल्या मनात त्यांना रामराम घातला. मुलगी झाली. दोघी चांगल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शन पुन्हा सुरू.

पाचवीला घरी आलो तेव्हा रुद्रम्मा आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी बाज घातली होती, खाली शेगडी, शेजारी शेपाची पुडी, डिंकाचे लाडू, आणि धुऊन घडी केलेली लांब पट्टी. सगळं इतकं नीट मांडलेलं की मला दारातच थांबावं लागलं. ते माझंच मांडणं होतं. मी शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. निखारे भरात होते, हाताला झळ लागली.

"अवो, काय करताय," रुद्रम्मा मागोमाग आल्या. "पोरीला वारं लागंल."

"लागू दे वारं. शिवकन्या, ऊठ. दारापर्यंत यायचं आणि परत जायचं."

"आमच्यात सव्वा महिना बाळंतीण उंबरा बघत न्हाई."

"आमच्यात बी," मी म्हटलं. आणि मग तिथंच अंगणात, शेगडीजवळ, सांगून टाकलं. बाज, पट्टी, दोन पेले, तूप लावलेले ओठ. मी बोलत होते रुद्रम्माशी, पण शिवकन्या आत पदराखाली मूल घेऊन ऐकत होती, हे मला माहीत होतं. "तिला तहान लागली होती ओ विहीणबाई. ती मागत होती. म्या दिलं न्हाई. मला वाटलं मी तिला जपतेय." रुद्रम्माच्या हातात ती पट्टी होती, तिची घडी त्या उलगडत आणि पुन्हा घालत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्या जावंचं बी असंच झालतं. आमी म्हणलो देवीचा कोप." आणि पट्टी पिशवीत घातली.

आतून पावलं ऐकू आली. शिवकन्याने मूल पाळण्यात ठेवलं होतं आणि भिंतीला धरून येत होती. मी पुढे गेले नाही. मला वाटत होतं की जावं, खांदा द्यावा, पण त्या खांद्याची आठवण माझ्या खांद्यात अजून होती, आणि आज तिने स्वतःच्या पायांवर यायला हवं होतं. एक, दोन. तिसऱ्या पावलाला माझा श्वास थांबला, तिचा चालू राहिला. ती उंबऱ्यापर्यंत आली, चौकटीला टेकली, कपाळावर घाम. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी त्या नजरेपुढे उभी राहिले, जाड पायावर, दुसरीकडे न बघता.

"आई," ती म्हणाली, "तहान लागलीय."

मी हलायच्या आत रुद्रम्मा आत गेल्या. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग तांब्या बुडाल्याचा. तांब्या काठोकाठ भरून घेऊन त्या दाराशी आल्या, आणि पेला हातात धरून थांबल्या.

"किती द्यायचं ओ?"

"मागंल तेवढं," मी म्हटलं.